बेसमेंटमधली इस्टेट

१९५२ साली छापलेलं मिकी मँटलचं एक बेसबॉल कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तोपर्यंत कुठल्याच खेळाच्या कार्डाला एवढा पैसा आला नव्हता. बातमी टीव्हीवर झळकली आणि आमच्या न्यू जर्सीतली निम्मी माणसं टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये उतरली असावीत, कारण त्यानंतर मला येणारे फोन जे वाढले ते अजून कमी झालेले नाहीत. मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये, खेळायला लागला तेव्हा त्याच्याबरोबर मीही कार्डांच्या नादी लागले. त्याचा नाद केव्हाच सुटला, माझा राहिला. मराठी मंडळात ही गोष्ट पसरल्यापासून गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला कोणी ना कोणी गाठतंच. "आमच्याकडे पण आहेत गं बरीच. जुनी आहेत. काय येतील?"

जुनी आहेत म्हणजे महाग असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. जुनी नाण्यं, जुनी तिकिटं, जुनी भांडी, तशी जुनी कार्डं. पण त्या मँटलच्या कार्डाकडे जरा नीट बघितलं तर वयाचा मुद्दा फार लवकर मागे पडतो.

ब्रुकलिनची टॉप्स ही मुळात च्युइंगगमवाली कंपनी. गम खपावा म्हणून पाकिटात खेळाडूंची चित्रं घालायची, इतकाच हेतू. १९५२ चा ४०७ कार्डांचा संच साय बर्जर या तिच्या तरुण नोकराने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मांडला. कार्डाच्या पुढे रंगीत चित्र आणि सही, मागे खेळाडूची माहिती आणि आकडे. आज आपण बेसबॉल कार्ड म्हणतो तो साचा तिथे पक्का झाला. कार्डं टप्प्याटप्प्याने बाजारात यायची. ३११ ते ४०७ हा शेवटचा टप्पा आला तेव्हा हंगाम संपत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं आणि दुकानदारांनी माल उचललाच नाही. पेट्या गोदामात पडून राहिल्या. बर्जर जत्रांमध्ये, कुठेकुठे त्या खपवायला बघत होता, पण फुकटातही कोणी घेईना. शेवटी १९६० मध्ये त्याने सगळ्या पेट्या कचरा वाहणाऱ्या बार्जवर चढवल्या आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर अटलांटिकमध्ये बुडवल्या. ही गोष्ट तो स्वतःच पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

मँटलचा क्रमांक ३११. म्हणजे बुडालेल्या टप्प्यातलं पहिलंच कार्ड. इथवर गोष्ट सरळ आहे: माल समुद्रात गेला, उरलेला महागला. पण त्या टप्प्याचे छापील ताव बघितले तर त्यात मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन ही तीन कार्डं दोन-दोनदा आहेत. बाकीच्यांच्या दुप्पट छापली गेली ती. म्हणजे मँटल त्या टप्प्यातलं दुर्मीळ कार्ड नव्हेच. त्याच्या शेजारची कितीतरी नावं त्याच्याहून दुर्मीळ आहेत आणि ती कोणाला आठवतही नाहीत. बरं, हे त्याचं पहिलं कार्ड, संग्राहकांच्या भाषेत रुकी कार्ड, तेही नव्हे. ते आदल्या वर्षी बोमन कंपनीने काढलं होतं. तरी सगळे मागतात ते हेच. माझ्या मते कारण साधं आहे. १९५२ मध्ये दहा वर्षांची असलेली न्यूयॉर्कची पोरं १९८० च्या दशकात चाळिशीत आली. त्यांच्या हातात पैसा होता, आणि त्यांच्या लहानपणी यांकीज, म्हणजे मँटलचा न्यूयॉर्कचा संघ, बहुतेक दरवर्षी जिंकत होते. त्यांना ते कार्ड परत हवं होतं. किती उरली आहेत याच्या इतकंच, किंबहुना जास्तच, किती जणांना हवं आहे हे महत्त्वाचं.

आणि ज्याच्याकडे ते १ कोटी २६ लाखांचं कार्ड होतं तो माणूसही न्यू जर्सीचाच. १९९१ मध्ये त्याने ते ५० हजार डॉलरला घेतलं होतं. धंदा कचरा उचलण्याचा. कचरा म्हणून समुद्रात गेलेला माल शेवटी कचऱ्यावाल्याला फळला, हे मी रचून सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

हे सगळं मी काकांना सांगितलं होतं, फोनवरच. काका म्हणजे आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ. १९७० च्या दशकात इथे आले, आयुष्यभर एका विमा कंपनीत हिशेब केले, आता मोठं घर विकून ज्येष्ठांच्या वसाहतीत लहान घर घेताहेत. मुलगा सिॲटलला. त्याची कार्डं खाली बेसमेंटमध्ये. "तू ये तर खरी," काका म्हणाले, "किती बुडाली आणि किती छापली ते आपण बघूच. आमच्याकडे बारा खोकी आहेत."

मी जाताना भिंग, पट्टी आणि छोटा दिवा घेऊन गेले. काकूंनी पोहे केले होते. काकांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून खोकी क्रमाने मांडली होती आणि शेजारी त्यांच्या जुन्या खर्चाच्या वह्या. काका पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्यांतले. दूध, पेट्रोल, भारतात पाठवलेला ड्राफ्ट, आणि १९८७ पासून पुढे दर आठवड्याला एक ओळ: "पत्ते, ५० सेंट." मग "पत्ते, १ डॉलर." मग वाढदिवसाला, ख्रिसमसला, "पत्ते, संच, २० डॉलर." मुलगा अकराव्या वर्षी जेवताना म्हणाला होता म्हणे, की कॉलेजची फी मी यातूनच भरणार. काकांनी ते थट्टेवारी नेलं नव्हतं. "गुंतवणूक लवकर सुरू केलेली बरी," हे मला त्यांनी त्याही दिवशी ऐकवलं.

पहिलं खोकं उघडलं आणि मला उत्तर कळलं. लाकडाच्या फळीसारखी चौकट असलेली १९८७ ची टॉप्स. दुसऱ्यात १९८८ ची टॉप्स आणि डॉनरस. मग १९८९, १९९०, भडक पिवळी १९९१ ची फ्लीअर. ओळीने सगळी. पण बारा खोकी मांडून ठेवणाऱ्या माणसाला पहिल्याच खोक्यावर उत्तर देता येत नाही. आणि खरं सांगायचं तर आत काय निघेल याची उत्सुकता मला दर वेळी असतेच.

ही वर्षं अशी का, ते सांगायला हवं. १९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतली आणि पुढे पाव शतक हा धंदा जवळजवळ तिच्या एकटीचा होता. १९८० मध्ये फ्लीअरने कोर्टातून वाट मोकळी करून घेतली. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस बाजारात आल्या, १९८८ मध्ये स्कोअर, १९८९ मध्ये अपर डेक. त्याच सुमारास मोठी झालेली ती पन्नास सालची पोरं आईने फेकलेली कार्डं दामदुपटीने परत घेत होती आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येत होत्या. झालं, घरोघरी लोकांनी ठरवलं की आता फेकायचं नाही. जपून ठेवायचं. पाकिटं न फोडता ठेवायची, संच सीलबंद ठेवायचे. कंपन्यांनी ही मागणी बघून यंत्रं दिवसरात्र चालवली. १९५२ ची पोरं कार्डं सायकलच्या आऱ्यांना चिमट्याने लावून फटफट आवाज करत हिंडत, भिंतीवर टिचकावून खेळत, खिशात कोंबत. १९९० ची पोरं ती प्लॅस्टिकच्या पानांत सरकवत होती. कोट्यवधी छापली गेली आणि त्यातली बहुतेक आजही कोऱ्या अवस्थेत कोणा ना कोणाच्या बेसमेंटमध्ये आहेत. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज ही हंगामाअखेरची अंतिम मालिका रद्द झाली, आणि आधीच फुगलेल्या बाजारातली हवा गेली. या सगळ्या काळाला इथले लोक सरळ 'जंक वॅक्स' म्हणतात; वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, आणि जंक म्हणजे जंक.

अमेरिकेत पहिल्या पिढीच्या मराठी घरांतली मुलं नेमकी याच काळात आठ-दहा वर्षांची होती. हा योग दुर्दैवी म्हणायचा. आमची सांगलीतली गोष्ट वेगळी. आम्हाला बिग फन गमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची आणि ती आम्ही इतकी हाताळायचो की महिन्याभरात कोण गावसकर आणि कोण वेंगसरकर ते कळेनासं व्हायचं. जपायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

एका खोक्यात तळाशी बेकेट मासिकाचे अंक निघाले. काकांची सगळी आशा या अंकांवर होती. मुलाने पेन्सिलीने आपल्याकडच्या कार्डांपुढे खुणा करून पानाच्या खाली बेरजा मांडल्या होत्या, आणि बापाचाच मुलगा तो, बेरजा चुकलेल्या नव्हत्या. जेम्स बेकेट हा संख्याशास्त्राचा प्राध्यापक. तुम्ही कुठलं कार्ड कितीला घेतलं असं संग्राहकांना विचारून विचारून त्याने दर गोळा केले. १९८४ मध्ये त्याचं मासिक सुरू झालं. प्रत्येक कार्डापुढे दोन आकडे, कमी आणि जास्त, आणि वर जाणारा किंवा खाली येणारा बाण. पोरं ते शेअर बाजाराच्या पानासारखं वाचत. मोठेही वाचत.

"हे बघ," काका भिंगातून वाचत म्हणाले, "हा तर साडेतीन डॉलर होता १९९१ मध्येच. आता तीस वर्षं झाली."

"काका, साडेतीन डॉलरला दुकानदार विकत होता. त्याला कोणी साडेतीनला विकत नव्हतं."

हिशेबनीस माणूस, त्यांना लगेच समजलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मासिकातला आकडा हा विचारायचा भाव. त्या भावाने घेणारा समोर उभा असेल तरच तो खरा, आणि दुकानदार स्वतः घेताना त्याच्या पावपटच द्यायचा. आज मासिकाची जागा फोनने घेतली आहे, पण चूक तीच होते. ईबेवर एखादं कार्ड शोधलं की पहिल्यांदा दिसतात ते मागितलेले भाव, आणि विवाहेच्छूंच्या जाहिरातीतल्या अपेक्षांवरून प्रत्यक्षात लग्न कोणाशी झालं ते जसं कळत नाही, तसंच हे. काकांनीही एक कार्ड शोधून ठेवलं होतं. कोणीतरी त्याचे ९ हजार डॉलर मागितले होते. मी त्यांना 'विकली गेलेली' हा पर्याय निवडून दाखवला. त्याच कार्डाच्या गेल्या तीन महिन्यांतल्या विक्री खाली ओळीने आल्या: सव्वा डॉलर, दीड डॉलर, ९९ सेंट. एका ओळीत चाळीस कार्डं मिळून चार डॉलर. या झालेल्या विक्रींना धंद्यातली माणसं कॉम्प्स म्हणतात, आणि कार्डाची किंमत शोधणं म्हणजे निम्म्याहून जास्त काम कॉम्प्स शोधण्याचंच.

त्याआधी कार्ड ओळखावं लागतं, ते मात्र मजेचं काम आहे. वर्ष बहुतेकदा मागच्या आकड्यांवरून काढायचं: शेवटची ओळ १९८६ ची असेल तर कार्ड १९८७ चं. मग कंपनी, मग क्रमांक, मग छपाईत काही वेगळं आहे का. १९९० च्या टॉप्समध्ये फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर पुढच्या बाजूचं नावच छापायचं राहिलं. ती मिळाली तर हजारांत जातात. काकांकडे थॉमस होता, नावासकट. १९६९ च्या टॉप्समध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझ म्हणून छापलेला फोटो प्रत्यक्षात संघाच्या बॅटी सांभाळणाऱ्या पोराचा आहे. आणि १९८९ च्या फ्लीअरमध्ये बिली रिपकेनच्या बॅटच्या मुठीवर एक सणसणीत शिवी स्पष्ट वाचता येते. ती छापून गेल्यावर कंपनीने घाईघाईने पांढरा ठिपका देऊन, खरडून, काळा चौकोन टाकून तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या. हे कार्ड काकांच्या मुलाने सगळ्यांच्या मागे, एका कॅचरच्या कार्डाआड दडवून ठेवलं होतं. काकांनी भिंग लावलं, मूठ वाचली, कार्ड उलटं ठेवलं आणि काकू ऐकत नाहीत ना हे बघून विचारलं, "याचे किती?"

"दहा-पंधरा डॉलर."

"बरे आहेत की!"

ब्रायन टेलरची तर एक वेगळी चळतच निघाली, रबर लावलेली. १९९१ मध्ये यांकीजनी सगळ्या देशातून पहिल्या क्रमांकावर निवडलेला गोलंदाज. बेसबॉलमध्ये पिचर म्हणतात, पण काकांसाठी तो गोलंदाजच. त्याला तेव्हाचा विक्रमी, साडेपंधरा लाख डॉलरचा बोनस मिळाला. न्यू जर्सीतल्या दर दुसऱ्या पोराने त्याची कार्डं साठवली. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या भांडणात मध्ये पडून त्याने खांदा निखळवून घेतला. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, तो एकही सामना खेळला नाही. आज त्या चळतीला रबराइतकीही किंमत नाही, आणि ते रबरही वितळून वरच्या कार्डाला चिकटलं होतं. अजूनही हा जुगार चालूच आहे, उलट वाढला आहे. आता कंपन्या मुद्दाम एकच प्रत छापतात. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्स या पिचरचं असं एकुलतं एक कार्ड, त्याच्या पदार्पणाच्या सामन्यातल्या गणवेशावरची पट्टी लावलेलं, कॅलिफोर्नियातल्या अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात मिळालं. संघाने त्याच्या बदल्यात तीस हंगामांची तिकिटं देऊ केली. घरच्यांनी ती नाकारून लिलाव केला, आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलर आले. व्यवहार म्हणून उत्तम. पण कारखान्यातच दुर्मीळ म्हणून जन्माला घातलेल्या वस्तूत मला फारसा रस वाटत नाही. समुद्रात बुडवल्यावर, आईच्या झाडूतून सुटल्यावर जे उरतं त्याची मजा निराळी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अवस्थेवर. कार्डाचे चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग, आणि चित्र चौकटीच्या मधोमध आहे की नाही. नखाने जाणवेल न जाणवेल एवढा कोपरा मऊ झाला तरी भाव पडतो. १९९१ मध्ये पीएसए ही संस्था निघाली. तुमचं कार्ड तपासून ती त्याला एक ते दहा गुण देते आणि जाड प्लॅस्टिकच्या वडीत कायमचं बंद करून टाकते. त्या वडीला स्लॅब म्हणतात. १ कोटी २६ लाखांच्या त्या मँटलला एसजीसी या दुसऱ्या संस्थेने साडेनऊ गुण दिले होते. त्याच छपाईतलं, त्याच तावावरचं, पण घडी पडून कोपरे गोल झालेलं कार्ड आजही लाख डॉलरच्या बरंच आत मिळतं. मधला सगळा फरक कोणीही हात न लावण्याचा. खेळायच्या वस्तूशी न खेळल्याबद्दल बक्षीस. हे मला पटत नाही, पण बाजाराला माझं मत कोणी विचारलेलं नाही.

आणि या गुणांची सुरुवातच कशी झाली बघा. होनस वॅग्नर हा पिट्सबर्गचा थोर क्षेत्ररक्षक, शॉर्टस्टॉप म्हणतात त्या जागेचा. १९०९ ते १९११ च्या दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रं घातली; वॅग्नरने आपलं चित्र छापायला नकार दिला. लहान मुलांनी त्यासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं एक मत. पैसे दिले नाहीत म्हणून, असं दुसरं. स्वतः तो तंबाखू चघळायचा, तेव्हा काय ते ठरवा. छपाई थांबली तोवर थोडी कार्डं बाहेर गेली होती, आणि आज जगात पन्नास-साठच उरली आहेत. त्यातलं सगळ्यात देखणं कार्ड हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने एका भागीदाराबरोबर १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पीएसएने तपासलेलं हे पहिलंवहिलं कार्ड: दहापैकी आठ. ऐंशी वर्षं जुन्या सिगारेटच्या पाकिटातल्या चित्राच्या कडा इतक्या धारदार कशा, हे लोक आपसांत कुजबुजत होते. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने, ज्याच्या हातून ते कार्ड आधी गेलं होतं, कोर्टात कबूल केलं की कडा त्यानेच कापल्या होत्या. लिलावात खोट्या बोली लावल्याबद्दल त्याला तुरुंगवासही झाला. कापलेल्या कार्डाला नियमाप्रमाणे गुणच द्यायचे नसतात. पण कुजबुज चालू असतानाच, २००७ मध्ये, त्याला २८ लाख डॉलर आले होते. आता त्याची खोटी धारच प्रसिद्ध आहे, आणि ते उद्या लिलावात आलं तर स्वस्तात जाईल असं मला अजिबात वाटत नाही.

काकांना ही गोष्ट फार आवडली. विमा कंपनीत काढलेली वर्षं होती ती. "म्हणजे सर्टिफिकेट खोटं, आणि तरी क्लेम पास!"

मला स्वतःला या सगळ्या मंडळींत एकच माणूस जवळचा वाटतो, जेफरसन बर्डिक. सिरॅक्यूसचा, कारखान्यात काम करणारा, संधिवाताने बोटं वाकलेला, अविवाहित. बेसबॉलचा सामना बघायला तो कधी गेला नाही असं सांगतात. पण छापील चित्रांचं त्याला वेड होतं: सिगारेटची, बिस्किटांची, शुभेच्छांची, खेळाडूंची. कोणी त्यांची नीट यादी केलेली नाही म्हणून त्याने १९३९ मध्ये स्वतःच सूची काढली आणि पुढे प्रत्येक संचाला अक्षर आणि आकडा दिला. वॅग्नर ज्या संचात आहे त्याला आजही जग टी-२०६ म्हणतं ते त्याच्यामुळे. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. बहुतेक कार्डांपुढे त्याने काही सेंट लिहिले, वॅग्नरपुढे ५० डॉलर. मग आपला तीन लाखांवर चिठ्ठ्या-चित्रांचा सगळा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, आणि दुखऱ्या बोटांनी वर्षानुवर्षं तिथे बसून एकेक चित्र वह्यांत डिंकाने चिकटवलं. वॅग्नरसुद्धा चिकटवला. डिंक लागलेल्या कार्डाला पीएसए काय गुण देईल ते सांगायला नको. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं चित्र चिकटवून झालं, आणि मार्चमध्ये तो गेला.

संध्याकाळ होत आली. खोक्यांचा हिशेब झाला होता. अकरा खोकी: कोणी न्यायला आलं तर द्यावीत, अशी. रिपकेन, आणखी चार-पाच बरी कार्डं, मिळून पन्नासेक डॉलर. काकांनी वहीत एका बाजूला १९८७ ते १९९३ चा 'पत्ते' या सदराखालचा सगळा खर्च मांडला होता. दुसऱ्या बाजूला हे लिहिलं, आणि बेरीज न करता वही मिटली.

"रद्दी म्हणायची ही," काका म्हणाले.

"आपल्याकडे रद्दीवाला निदान किलोवर पैसे तरी देतो," काकू आतून म्हणाल्या. "इथे न्यायलाही आपणच पैसे द्यायचे."

राहिलं होतं ते एकच कार्ड. बाराव्या खोक्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेलं, दोन जाड काचेसारख्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांमध्ये चार स्क्रूंनी आवळलेलं: केन ग्रिफी ज्युनियर, अपर डेक, १९८९, क्रमांक एक. त्या काळातलं लोकांना अजूनही हवं असलेलं कार्ड कुठलं म्हणाल तर हे. अपर डेक नवी कंपनी, पाकीट जवळजवळ एक डॉलरचं, कागद पांढराशुभ्र, मागे होलोग्राम. पहिल्या क्रमांकावर कोणाला घ्यायचं हे ठरवलं तिथल्या एका विशीच्या आतल्या नोकराने. मेजर लीगमध्ये अजून न खेळलेला एकोणीस वर्षांचा पोरगा त्याने निवडला. फोटोतली टोपी मुळात खालच्या लीगमधल्या संघाची होती, ती रंगवून सिॲटल मरिनर्सची केली. तो पोरगा पुढे ६३० होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारून बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

काका सावरून बसले. पीएसएकडे दहा मिळाले तर या कार्डाला त्या सुमारास दोन हजार डॉलरच्या आसपास येत होते. नऊ मिळाले तर दीड-दोनशे. आठ मिळाले तर तपासणीची फी आणि टपालखर्च जेमतेम निघत होता. किती कार्डांना किती गुण दिले याची यादी पीएसए प्रसिद्ध करते. हे कार्ड त्यांच्याकडे जवळपास लाखभर वेळा तपासायला आलं आहे आणि दहा मिळालेली शंभरात चारसुद्धा धड नाहीत. काकांनी पाकिटाच्या मागे गुणाकार मांडायला घेतला. शक्यता गुणिले रक्कम, वजा फी.

मी स्क्रू काढून कार्ड दिव्याखाली धरलं. चित्र डावीकडे सरकलेलं, साध्या डोळ्यांनाही दिसेल इतकं. आणि चारही कोपरे किंचित चपटे. असे स्क्रूचे खोके तेव्हा सगळ्यात महाग मिळायचे, म्हणून पोराने आपलं सगळ्यात आवडतं कार्ड त्यातच ठेवलं, आणि स्क्रू हलू नयेत म्हणून चांगले आवळले. तीस वर्षं ते कार्ड दाबलं जात होतं. असं चपटं झालेलं कार्ड आलं की तपासणारे कधी कधी गुण द्यायलाच नकार देतात. रबर लावून ठेवलेला टेलर आणि हा, दोघांचंही वाटोळं झालं ते जपल्यामुळेच.

"मग?"

"तपासायला पाठवू नका. असंच विकलं तर साठ येतील. समोरचा हौशी असला तर सत्तर."

काकांनी पाकिटावरच्या गुणाकारावर आडवी रेघ मारली आणि सिॲटलला फोन लावला, स्पीकरवर. सगळा हिशेब ऐकवला, आकड्यांसकट. पलीकडून मुलगा हसला. बाकीची देऊन टाका म्हणाला, लिटल लीगच्या पोरांना, लायब्ररीला, कोणालाही.

"आणि हा ग्रिफी? सत्तर डॉलर येतील म्हणते ही."

"नको बाबा, तो मला पाठवा."

"अरे, इथे कोणी विकत घेईल. तिथे पाठवायला उलट पैसे पडतील."

"पडू देत."

"तो कॉलेजला गेला तेव्हाच मी म्हणत होते की टाकून देऊ या सगळं," काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. "तर हे म्हणाले, इस्टेट आहे ती."

खरं तर तेव्हा काकूंचं कोणी ऐकलं नाही, तसंच सगळ्या देशभर झालं, आणि भाव पडले ते म्हणूनच, असं मी त्यांना सांगणार होते. पण काका तोवर बबल रॅप शोधायला उठले होते. स्क्रू मी परत लावले, या वेळी सैल. काकांनी कार्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाकीट चिकटवलं, वर मुलाचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पोस्टाचा फॉर्म पुढे ओढून मला विचारलं, विमा कितीचा उतरवायचा. मी साठ म्हणाले. त्यांनी शंभर लिहिलं.